मुलांचं घोरणं: कोणत्या वयात काय बदलतं, कधी वाट बघायची आणि कधी दवाखाना गाठायचा

पहिला तास सुरू झाला की तिसऱ्या बाकावरचं एक पोरगं डुलक्या घ्यायचं. आम्ही त्याला उभं केलं, तोंड धुऊन यायला पाठवलं, "रात्री मोबाइल बघत बसतोस का?" म्हणून रागावलो. मग पालकसभेत त्याची अम्मी भेटली. म्हणाली, "सर, ये तो नौ बजेच सो जाता. इतने जोर के खर्राटे मारता के पूरा घर जागता." घरात मोबाइल एकच, तोही अब्बांसोबत कामावर जाणारा. म्हणजे लेकरू दहा तास झोपत होतं आणि तरी सकाळी थकूनच शाळेत येत होतं. ते आळशी नव्हतं. त्याची झोप रात्रभर तुटत होती. हे समजायला आम्हाला अर्धं वर्ष लागलं आणि तोवर आमचं रागावणं चालूच होतं.

आपल्या पुलगावात, आजूबाजूच्या गावांत, मुलांच्या घोरण्याबद्दल दोन गोष्टी नेहमी ऐकायला मिळतात. पहिली, "खर्राटे म्हणजे गहरी नींद." दुसरी, "मोठा झाला की आपोआप जाईल." पहिली गोष्ट सरळ चुकीची आहे. दुसरी अर्धी खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीनेच पालकांची जास्त फसगत होते. काही मुलांचं घोरणं खरंच जातं, काहींचं राहतं आणि काहींचं गेलेलं पुन्हा येतं. आपलं मूल यातल्या कोणत्या वाटेवर आहे हे एका रात्रीवरून कळत नाही, लक्ष ठेवावं लागतं. ते कसं ठेवायचं, याची माहिती इथे एकत्र देत आहोत.

घोरणं आणि स्लीप ॲप्निया यात फरक काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. श्वासाची वाट अरुंद असली की हवा जाताना टाळू, पडजीभ आणि घशाचा मागचा भाग थरथरतो. तो आवाज म्हणजे घोरणं. सर्दीत चार दिवस घोरलं तर काळजीचं कारण नाही. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, सर्दी नसतानाही मूल घोरत असेल तर डॉक्टर त्याला नेहमीचं घोरणं म्हणतात. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत असं नेहमी घोरणाऱ्या मुलांचं प्रमाण ३ ते १२ टक्के आढळलं आहे.

वाट नुसती अरुंद न राहता मधूनमधून बंदच झाली तर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. मूल श्वास घ्यायचा जोर लावतं, छाती-पोट हलतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो. मेंदू धोका ओळखून क्षणभर जागा होतो, मूल दचकतं, धापेसारखा एक मोठा श्वास घेतं आणि पुन्हा झोपतं. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. असा त्रास साधारण १ ते ५ टक्के मुलांना असतो. म्हणजे घोरणाऱ्या सगळ्याच मुलांना ॲप्निया नसतो, पण ॲप्निया असलेलं मूल बहुतेक वेळा घोरतं.

एक तांत्रिक गोष्ट पालकांना माहीत असावी. झोपेच्या तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडला हे मोजतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. मोठ्या माणसात तो ५ पर्यंत चालवून घेतात. मुलांमध्ये १ च्या वर गेला तरी तो सामान्य धरत नाहीत. १ ते ५ सौम्य, ५ ते १० मध्यम आणि १० च्या वर तीव्र, असं साधारण वर्गीकरण आहे. म्हणून मुलाचा रिपोर्ट हातात आला की तो मुलांच्या मापाने वाचला आहे ना, एवढं जरूर विचारावं.

वयानुसार काय बदलतं?

जन्म ते एक वर्ष: तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्यामुळे थोडं नाक चोंदलं तरी मोठा आवाज येतो. नवजात बाळाचा श्वास ५-१० सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं नेहमीचं आहे. पण श्वास २० सेकंद थांबला, ओठ निळे पडले किंवा बाळ ढिलं पडलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. काही बाळांचा स्वरयंत्राचा भाग जन्मतः मऊ असतो. श्वास आत घेताना त्यांच्या घशातून चिरका आवाज येतो आणि उताणं झोपल्यावर, रडताना, दूध पिताना तो वाढतो. बहुतेकांचा हा आवाज दीड-दोन वर्षांत जातो. मात्र बाळाचं वजन वाढत नसेल किंवा दूध पिताना दम लागत असेल तर वाट बघू नये. आणि आवाज कमी होतो म्हणून बाळाला पालथं झोपवू नये. पालथ्या झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका वाढतो. तान्ह्या बाळाला उताणंच झोपवावं.

दोन ते आठ वर्षं: घोरणं आणि ॲप्नियाचा हाच मुख्य काळ. घशाच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल असतात आणि नाकाच्या मागे, टाळूच्या वर ॲडेनॉइड नावाची गाठ असते. टॉन्सिल तोंड उघडलं की दिसतात. ॲडेनॉइड दिसत नाही, म्हणून "घसा तर साफ आहे" एवढ्यावर समाधान मानता येत नाही. या वयात या गाठी वाढतात, पण घसा आणि जबडा अजून लहानच असतात. छोट्या गल्लीत मोठी गाडी उभी राहावी तशी श्वासाची वाट अडते. वारंवार सर्दी आणि ॲलर्जी असेल तर गाठी आणखी सुजतात. ॲडेनॉइड मोठी असली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकूही कमी येऊ शकतं. मग मूल वर्गात दोनदा हाक मारल्याशिवाय "ओ" देत नाही आणि आम्ही शिक्षक म्हणतो, लक्ष नाही.

नऊ ते बारा वर्षं: चेहरा आणि घसा वाढतो, गाठी हळूहळू आटतात. बऱ्याच मुलांचं घोरणं या काळात आपोआप कमी होतं. "मोठा झाला की जाईल" हे यांच्याबाबतीत खरं ठरतं. पण वर्षानुवर्षं तोंडाने श्वास घेतलेल्या काही मुलांचा टाळू अरुंद राहतो, दात दाटीवाटीने येतात, चेहरा लांबट होतो. अशा मुलांमध्ये गाठी आटल्या तरी वाट अरुंदच राहू शकते.

तेरा ते अठरा: इथे चित्र पालटतं. लहानपणी कधीच न घोरलेली काही मुलं आता घोरायला लागतात. त्यांत मुलं मुलींपेक्षा जास्त असतात, आणि मोठं कारण असतं वाढलेलं वजन. लहान वयात दोष गाठींचा असतो, या वयात मानेभोवती आणि पोटावर साठलेल्या चरबीचा. त्यामुळे इलाजही बदलतो.

मोठेपणी: मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली होती. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडत होता आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा झोपही येत होती. हे लोक स्वतःला निरोगीच समजत होते. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं आणि पहिल्यांदाच घराघरांत हा शब्द पोचला. पण तो "मोठ्या, जाड माणसांचा आजार" म्हणूनच पोचला. लहान मुलांनाही तो होतो, हे मात्र मागेच राहिलं.

मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तेव्हा काय दिसलं?

"जाईल की राहील?" याचं उत्तर देणारे चांगले अभ्यास अमेरिकेत झाले आहेत. क्लीव्हलँड भागात ८ ते ११ वयाच्या मुलांची झोप तपासली आणि तीच मुलं १६ ते १९ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. लहानपणी ॲप्निया असलेल्या दहापैकी नऊ मुलांचा त्रास मोठेपणी गेलेला होता. दिलासा देणारी गोष्ट आहे. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं, की किशोरवयात ज्यांना ॲप्निया होता ती बहुतेक मुलं नवीन होती. लहानपणीच्या तपासणीत त्यांच्यात काही सापडलं नव्हतं. म्हणून "एकदा दाखवलं, काही निघालं नाही" एवढ्यावर विषय कायमचा बंद करता येत नाही.

दुसरा अभ्यास पेनसिल्व्हेनिया राज्यातला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे ४२१ मुलांची लहानपणी आणि मग सात-आठ वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. ज्यांचा ॲप्निया लहानपणापासून किशोरवयापर्यंत टिकून राहिला, त्यांच्यात रक्तदाब वाढलेला असण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. ज्यांचा मधल्या काळात गेला, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. आमच्या मते पालकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच. लहानपणी त्रास होता यापेक्षा तो किती वर्षं राहिला, हे जास्त महत्त्वाचं आहे. वेळेत गेला, स्वतःहून किंवा इलाजाने, तर नुकसान थांबू शकतं.

तिसरा अभ्यास ऑपरेशनबद्दलचा, २०१३ चा. ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांना ॲप्निया होता, पण ऑक्सिजन फार खाली जात नव्हता. निम्म्यांचे टॉन्सिल-ॲडेनॉइड लगेच काढले, निम्म्यांवर सात महिने फक्त लक्ष ठेवलं. ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य झाली. वाट बघितलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची झाली. म्हणजे जवळपास निम्म्या मुलांचा आकडा ऑपरेशनशिवाय सुधारला. मात्र ऑपरेशन झालेल्या मुलांची वागणूक, चिडचिड आणि घरातली लक्षणं जास्त सुधारली. वाट बघितलेल्यांमध्ये मशीनवरचा आकडा चांगला आला तरी घोरणं आणि थकवा पूर्ण गेला, अशी मुलं बरीच कमी होती. लक्ष लागण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही.

वर्गात दिसणाऱ्या खुणा

मोठा माणूस झोप झाली नाही की पेंगतो. लहान मूल बऱ्याचदा उलट वागतं. चुळबुळ करतं, भांडतं, जागेवर बसत नाही, पाढा अर्धवट सोडतं. घरी त्याला "शैतान" म्हणतात, शाळेत "मठ्ठ". दोन्ही नावं त्याच्या झोपेला मिळायला हवी होती.

१९९८ मध्ये डॉ. डेव्हिड गोझल यांनी अमेरिकेत पहिलीतल्या सगळ्यात मागे पडणाऱ्या २९७ मुलांची रात्री घरी तपासणी केली. ५४ मुलांमध्ये झोपेत ऑक्सिजन कमी होणं किंवा त्यासारखा दोष निघाला. त्यातल्या २४ मुलांच्या पालकांनी टॉन्सिल-ॲडेनॉइडचं ऑपरेशन करून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांचे गुण वाढले. ज्यांनी इलाज केला नाही, त्यांचे तसे वाढले नाहीत. २००१ मध्ये त्यांनीच १३-१४ वर्षांची मुलं पाहिली. वर्गात मागे असलेल्या मुलांमध्ये लहानपणी नेहमी आणि मोठ्याने घोरणारी मुलं, पुढे असलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त होती. घोरणं थांबून गेलं तरी त्या वर्षांत राहून गेलेला अभ्यास मागे ओढू शकतो, असं त्यावरून दिसतं. पहिली ते चौथी हेच वाचन-लेखनाच्या पायाचं वय आणि ॲप्नियाचंही मुख्य वय. "जाईल हळूहळू" म्हणत घालवलेली दोन वर्षं म्हणूनच स्वस्त नसतात.

म्हणून आम्ही शिक्षकांनीही एक सवय लावून घ्यावी. मूल मागे पडतंय, चिडतंय किंवा पेंगतंय असं दिसलं की पालकांना आधी विचारावं, "रात्री झोपतं कसं?" उर्दू शाळा असो, मराठी शाळा असो की सकाळचा मकतब, हा प्रश्न सगळीकडे विचारता येतो.

मात्र पेंगण्याचं प्रत्येक कारण ॲप्निया नसतं. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि किशोरवयात ८ ते १० तास झोप लागते. रात्री अकराला झोपून पहाटे उठणारं दहा वर्षांचं मूल पेंगणारच. रमजानमध्ये, लग्नसराईत झोप तुकड्या-तुकड्यांत होते. त्या दिवसांवरून निष्कर्ष काढू नये. पुरेसे तास झोपूनही मूल थकलेलंच उठतं, तेव्हा शंका घ्यावी.

या खुणा दिसल्या तर वाट बघू नका

घोरताना श्वास थांबतो आणि मग धापेसारखा आवाज येतो.
श्वास घेताना बरगड्यांच्या मधली जागा किंवा गळ्याचा खळगा आत ओढला जातो.
मूल मान मागे टाकून, बसून किंवा उशांचा ढीग करूनच झोपतं.
झोपेत घामाने चिंब होतं, सतत कूस बदलतं.
अंथरूण ओलं करणं बंद झालेलं मूल पुन्हा ओलं करायला लागतं.
सकाळी डोकं दुखतं, तोंड कोरडं असतं, उठवता उठवत नाही.
वजन-उंची वाढत नाही. घास गिळायला त्रास होतो म्हणून जेवण कमी जातं.

यातली शेवटची खूण नीट लक्षात ठेवा. घोरणं फक्त जाड मुलांचं असतं हा गैरसमज आहे. टॉन्सिल मोठे असलेलं मूल बऱ्याचदा हडकुळं असतं, कारण रात्रभर श्वासासाठी जोर लावण्यात त्याची ताकद जाते. इलाज झाला की अशी काही मुलं वजन धरू लागतात.

डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत व्हावी, असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात, घोरत असो वा नसो. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल असलेल्या मुलाच्या रक्तात रात्री ऑक्सिजन कमी होणं चांगलं नाही, म्हणून त्याचं घोरणं पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालावं. ऑपरेशन ठरलं तर सिकलसेलची गोष्ट सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावी. त्याची वेगळी तयारी करावी लागते.

घरात काय करायचं?

एक वही करा. महिनाभर रोज सकाळी तीनच गोष्टी लिहा: रात्री घोरलं का, श्वास थांबल्यासारखं वाटलं का, सकाळी कसं उठलं. सोबत सर्दी होती का तेही लिहा. आपल्याकडे थंडीत सर्दी-खोकल्याने घोरणं वाढतं, उन्हाळ्यात कमी होतं किंवा कूलरच्या धुळीने पुन्हा सुरू होतं. वहीत हा चढउतार दिसतो, नुसत्या आठवणीत तो राहत नाही.

मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. दिवा लावून, सदरा वर करून, चेहरा आणि छाती-पोट दोन्ही दिसेल असा. वेळ पहाटेची निवडा. मुलांचा ॲप्निया स्वप्नांच्या झोपेत जास्त असतो आणि ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त येते. फजरच्या आधी उठणाऱ्या घरांत हे सहज जमतं. डॉक्टरांना पाच मिनिटं तोंडी सांगण्यापेक्षा हा व्हिडिओ जास्त उपयोगी पडतो.

घरात बिडी-सिगारेट ओढत असाल तर थांबवा. तंबाखूच्या धुराचा आणि मुलांच्या घोरण्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. डासांची कॉइल, लोबान, चुलीचा धूर यांनीही नाक सुजतं. लेकरू झोपतं त्या खोलीत तरी हे नको. चादर-उशी उन्हात टाका, कूलरच्या जाळ्या धुवा.

नाक चोंदलेलं असेल तर दुकानात मिळणारा मिठाच्या पाण्याचा, म्हणजे सलाइनचा स्प्रे वापरता येतो. ऑस्ट्रेलियात ३ ते १२ वयाच्या २७६ मुलांवर सहा आठवड्यांचा प्रयोग झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेरॉइडच्या स्प्रेने ४४ टक्के मुलांची लक्षणं गेली, साध्या सलाइनने ४१ टक्क्यांची. म्हणजे स्वस्तातलं मिठाचं पाणीही जवळपास तेवढंच उपयोगी पडलं.

काय करू नये तेही सांगतो. नाकात तेल-तूप सोडू नका. गुंगी येणारं खोकल्याचं औषध देऊन "शांत" झोपवू नका, त्याने घसा आणखी सैल पडतो. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरत असतात, ते मुलांवर अजिबात करू नका.

कुठे जायचं आणि काय होतं?

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आपल्या बालरोग डॉक्टरांना वही आणि व्हिडिओ दाखवा. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतात. आपल्याला वर्ध्यापर्यंत रेल्वे आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे हा विभाग असतो. मुलांची रात्रभराची झोपेची तपासणी कुठे होते आणि किती दिवसांनी नंबर लागतो, हे फोन करून आधी विचारा, म्हणजे मजुरी बुडवून हेलपाटा होणार नाही. या तपासणीत मुलाच्या अंगावर तारा चिकटवतात. सुई नसते, दुखत नाही, आई किंवा वडील जवळ झोपू शकतात.

शाळेत येणाऱ्या सरकारी तपासणी पथकाचाही फायदा घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित असते. फॉर्मवर घोरण्याचा रकाना असो नसो, पालकांनी चिठ्ठी लिहून पाठवली तर आम्ही ती डॉक्टरांसमोर ठेवू शकतो. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना त्याला लागू होते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधीच विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या.

इलाजाच्या वाटा

सौम्य त्रास, धोक्याची खूण नाही, वजन ठीक: डॉक्टर काही महिने लक्ष ठेवायला सांगू शकतात, सोबत नाकाचा स्प्रे आणि ॲलर्जीचा इलाज. लक्ष ठेवणं म्हणजे विसरून जाणं नाही. पुढची तारीख ठरवूनच घरी या.

मध्यम किंवा तीव्र त्रास आणि मोठे टॉन्सिल-ॲडेनॉइड: बहुतेक वेळा ते काढण्याचा सल्ला मिळतो. "टॉन्सिल काढले तर प्रतिकारशक्ती जाते" अशी भीती असते. शरीरात हे काम करणाऱ्या आणखी खूप गाठी आहेत. खरी काळजी घ्यायची ती रक्तस्रावाची. पहिले २४ तास आणि मग साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, खपली पडताना, रक्त येऊ शकतं. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं तर रात्र असली तरी दवाखान्यात जा. पाणी भरपूर पाजा. घसा दुखतो म्हणून लेकरू पाणी टाळतं.

वजन जास्त असलेलं मूल: ऑपरेशननंतरही त्रास उरण्याची शक्यता इथे जास्त असते. घरचं जेवण, खेळ, कुरकुरे आणि थंड पेयं बंद, हा इलाजाचाच भाग आहे. त्रास उरलाच तर रात्री नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवणारं सीपॅप यंत्र देतात. टाळू अरुंद असेल तर दातांचे डॉक्टर तो रुंद करणारी प्लेट बसवू शकतात.

ऑपरेशन झालं म्हणजे विषय संपला, असं धरू नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आठवडाभर ऐका. ॲडेनॉइड काही लहान मुलांत परत वाढते. आणि मूल तेरा-चौदाचं झालं, वजन वाढायला लागलं, की पुन्हा एकदा कान द्या.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या पोराचे टॉन्सिल मोठे निघाले, ऑपरेशन झालं. दुसऱ्या वर्षी ते हुशार झालं, पहिलं आलं, असं काही नाही. गणितात अजून अडखळतं. पण पहिल्या तासाला ते जागं असतं आणि चुकलं तर पुन्हा विचारतं. आम्ही मात्र आता कोणालाही झोपेबद्दल रागावण्याआधी त्याच्या अम्मीला एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न तुम्हीही आज रात्री स्वतःला विचारा. लेकरू झोपलं की पाच मिनिटं दिवा बंद करून, टीव्ही बंद करून, नुसतं ऐका.